अणुअंक व अणुवस्तुमान : एक मोजावयाचे, दुसरे तोलावयाचे

प्रास्ताविक

एका खेड्यातील शाळेत आठवीच्या वर्गात विज्ञानाचा पाठ चालू होता. अणूच्या केंद्रकातील प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची बेरीज म्हणजे अणूचे वस्तुमान, असे शिक्षकांनी प्रथम सांगितले आणि नंतर फळ्यावर लिहिले : क्लोरीन, अणुअंक १७, अणुवस्तुमान ३५.५. मागच्या ओळीतील एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, साडेपस्तिसांतून सतरा वजा केले तर साडेअठरा न्यूट्रॉन उरतात. अर्धा न्यूट्रॉन कुठून आला?" वर्गात हशा पिकला. शिक्षक क्षणभर थांबले व "पुस्तकात तसे दिले आहे, लिहून घे," असे सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळले. मुलीने लिहून घेतले. परंतु त्यानंतर विज्ञानाच्या तासाला तिने दुसरा प्रश्न विचारला नाही.

ह्या प्रसंगात चूक मुलीची नव्हती. तिने वजाबाकी बरोबर केली होती आणि बरोबर ठिकाणी ती अडली होती. विल्यम प्राउट ह्या इंग्रज वैद्याने १८१५ साली असे सुचविले होते की, सर्व मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनच्या अणुभाराच्या पूर्ण पटीत असावेत. ह्या कल्पनेला जी मूलद्रव्ये आडवी आली, त्यांत क्लोरीन प्रमुख होते. त्याचा साडेपस्तीस हा अपूर्णांक कोणालाच नीट उलगडत नव्हता. म्हणजे खेड्यातील त्या मुलीची शंका शंभराहून अधिक वर्षे मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांचीही शंका होती. अशा शंकेचे उत्तर "पुस्तकात तसे दिले आहे" हे असू शकत नाही. अणुअंक आणि अणुवस्तुमान ह्यांतील भेद शिक्षकाच्या मनात स्पष्ट असला, तर हे उत्तर सोपे आहे आणि ते मूठभर चिंचोके घेऊन वर्गात देता येते.

तीन संज्ञा

घोटाळ्याचे मूळ असे की, संज्ञा दोन आहेत असे समजून शिकविले जाते. वस्तुतः त्या तीन आहेत. त्या वेगवेगळ्या करून घेतल्याशिवाय पुढचे विवेचन समजणार नाही.

पहिली संज्ञा अणुअंक. जुन्या पुस्तकांत ह्यालाच अणुक्रमांक म्हणत. अणूच्या केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुअंक. ही मोजणी आहे; म्हणून ती नेहमी पूर्णांकच असते. एकाच मूलद्रव्याच्या सर्व अणूंत ती सारखी असते, आणि ती बदलली की मूलद्रव्यच बदलते. ज्याच्या केंद्रकात १७ प्रोटॉन तो क्लोरीन. १६ असतील तर तो गंधक, १८ असतील तर आरगॉन.

दुसरी संज्ञा अणुवस्तुमानांक. एका विशिष्ट अणूच्या केंद्रकातील प्रोटॉन व न्यूट्रॉन ह्यांची एकूण संख्या म्हणजे अणुवस्तुमानांक. हीसुद्धा मोजणीच आहे आणि म्हणून हाही पूर्णांकच असतो. मात्र एकाच मूलद्रव्याच्या दोन अणूंत तो निराळा असू शकतो, कारण प्रोटॉन तेवढेच राहून न्यूट्रॉन कमीअधिक असू शकतात.

तिसरी संज्ञा अणुवस्तुमान, म्हणजेच पूर्वीचा अणुभार. आवर्तसारणीत मूलद्रव्याच्या नावाखाली जो दशांश अपूर्णांक छापलेला असतो तो हा. ही मोजणी नव्हे. हे मापन आहे. निसर्गात सापडणाऱ्या त्या मूलद्रव्याच्या हलक्या व जड अणूंची, त्यांच्या प्रमाणानुसार काढलेली ही सरासरी होय. तिच्यासाठी १९६१ सालापासून कार्बन-१२ हा अणू प्रमाण मानला गेला आहे. त्याचे वस्तुमान बरोबर १२ धरावयाचे आणि त्याच्याशी तुलना करून इतरांचे सांगावयाचे, असा तो संकेत आहे.

सरासरी ही कल्पना शिक्षकांना नवी नाही. प्रत्येक महिन्याच्या अखेरीस हजेरीपत्रकात सरासरी उपस्थिती काढावी लागते. कामाचे दिवस २४ आणि एकूण उपस्थिती ६६० असेल, तर सरासरी २७.५ येते. त्यावरून वर्गात कधी अर्धा विद्यार्थी बसला होता असे कोणी समजत नाही. कोणत्याही एका दिवसाची हजेरी पूर्णांकच होती. अपूर्णांक आला तो अनेक दिवसांची सरासरी काढल्यामुळे. क्लोरीनचेही तसेच आहे. कोणत्याही एका अणूत न्यूट्रॉन पूर्ण संख्येनेच असतात. साडेपस्तीस ही असंख्य अणूंची सरासरी आहे.

वजनावरून क्रम लावताना आलेला पेच

वजनापेक्षा मोजणी मूलभूत का मानली गेली, हे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगणे इष्ट आहे. वर्गातही तो गोष्टीच्या रूपाने सांगता येईल.

रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह ह्यांनी १८६९ साली त्या वेळी ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा ठराविक अंतराने सारख्या गुणधर्मांची मूलद्रव्ये पुन्हा येतात असे दिसून आले. परंतु काही ठिकाणी क्रम अडू लागला. आयोडीनचा अणुभार टेल्युरिअमपेक्षा कमी. म्हणून वजनाप्रमाणे आयोडीन आधी यावयास हवे. पण तसे केले, तर आयोडीन गंधकाच्या घराण्यात जाते आणि टेल्युरिअम क्लोरीनच्या घराण्यात. दोघांचेही गुणधर्म ह्याच्या अगदी उलट आहेत. मेंडेलीव्ह ह्यांनी गुणधर्मांना मान दिला, टेल्युरिअम आधी ठेवले आणि त्याचा अणुभार मोजण्यात चूक झाली असावी असा तर्क केला. पुढे वजन पुनःपुन्हा केले गेले, पण चूक काही सापडली नाही. आज मान्य असलेली मूल्ये टेल्युरिअम १२७.६० आणि आयोडीन १२६.९० अशीच आहेत.

१८९४ साली आरगॉन वायूचा शोध लागला आणि पेच वाढला. आरगॉन ३९.९५, तर पोटॅशिअम ३९.१०. वजनावर विसंबून राहिले, तर कोणाशीही संयोग न पावणारा आरगॉन सोडिअमच्या पंक्तीला बसतो आणि पाण्यात टाकताच पेट घेणारा पोटॅशिअम निष्क्रिय वायूंत जातो. कोबाल्ट ५८.९३ व निकेल ५८.६९ ह्या जोडीतही तोच प्रकार. तोलण्यात चूक नाही आणि गुणधर्मांतही नाही. तर मग चूक कोठे? चूक होती ती वजन हेच क्रमाचे गमक आहे ह्या गृहीतात.

मोझली ह्यांची मोजणी

अर्नेस्ट रुदरफोर्ड ह्यांनी १९११ साली अणूच्या मध्यभागी धनभारित केंद्रक असल्याचे दाखविले. त्यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या हेन्री मोझली ह्या तरुणाने १९१३ व १९१४ साली निरनिराळ्या मूलद्रव्यांवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांतून निघणारे क्ष-किरण तपासले. प्रत्येक मूलद्रव्याचे क्ष-किरण निराळ्या वारंवारितेचे होते. त्या वारंवारितेचे वर्गमूळ काढले असता, एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना ते जवळजवळ सारख्याच अंतराने वाढत जाते असे आढळले. जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असाव्यात, तसे हे होते. वजनाच्या बाबतीत असा सारखेपणा मुळीच नव्हता.

ह्या जिन्यावर कोबाल्ट सत्ताविसाव्या आणि निकेल अठ्ठाविसाव्या पायरीवर आले. निकेल हलके असूनही पुढे आले. कारण पायरी ठरत होती केंद्रकावरील धनभारावरून, वजनावरून नव्हे. शिवाय ४३, ६१ व ७५ ह्या पायऱ्या रिकाम्या आहेत, हेही मोझली ह्यांनी ओळखले. त्या जागांची मूलद्रव्ये पुढे मिळाली : ७५ क्रमांकाचे ऱ्हेनिअम १९२५ साली, ४३ क्रमांकाचे टेक्नेशिअम १९३७ साली आणि ६१ क्रमांकाचे प्रोमेथिअम १९४५ साली. मोझली ह्यांना ह्यातील एकही पाहावयास मिळाले नाही. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात दाखल झाले आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोली येथील लढाईत, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मारले गेले.

वजनातील अपूर्णांकाचे कोडे दुसऱ्या बाजूने सुटले. फ्रेडरिक सॉडी ह्यांनी १९१३ साली, एकाच मूलद्रव्याचे अणू निरनिराळ्या वजनाचे असू शकतात असे प्रतिपादन केले. अशा अणूंना मराठीत समस्थानिक म्हणतात. हा शब्द मुलांना फोडून सांगावा : सारणीत ज्यांचे स्थान समान, ते समस्थानिक. फ्रान्सिस अ‍ॅस्टन ह्यांनी १९१९ साली अणूंचे वजनाप्रमाणे पृथक्करण करणारे उपकरण तयार केले आणि त्याच्या साहाय्याने क्लोरीनमध्ये ३५ व ३७ अशा दोन प्रकारचे अणू असल्याचे दाखविले. हा फरक ज्या कणामुळे पडतो तो न्यूट्रॉन जेम्स चॅडविक ह्यांनी १९३२ साली शोधून काढला. साडेपस्तिसाचे उत्तर असे मिळाले.

वर्गातील पाठ

साहित्य : ६८ चिंचोके, मक्याचे ७४ दाणे व कागदाच्या चार पुड्या. चिंचोका म्हणजे प्रोटॉन व मक्याचा दाणा म्हणजे न्यूट्रॉन असे मुलांना आरंभीच सांगावे. दोन्ही कणांचे वस्तुमान जवळजवळ सारखे असते, म्हणून प्रत्येकाचे वजन १ धरावयाचे. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १८३६ व्या भागाइतकेच असल्यामुळे ते ह्या पाठात सोडून दिले तरी चालेल. मात्र ते का सोडले हे सांगावे.

हेतुकथन : "क्लोरीनच्या अणुवस्तुमानात अर्धा कोठून आला, ते आज आपण शोधून काढू."

पहिली कृती : वर्गाचे चार गट करावेत. प्रत्येक गटाला एक पुडी द्यावी. तीन पुड्यांत १७ चिंचोके व १८ दाणे असावेत. चौथीत १७ चिंचोके व २० दाणे. कोणत्या पुडीत काय आहे हे आधी सांगू नये. प्रत्येक गटाने आपली पुडी उघडून मोजावी व गटप्रमुखाने फळ्यावर आकडे लिहावेत. चिंचोके सर्वत्र १७ आहेत हे मुलांच्या लक्षात येईल. "मग ह्या चारही पुड्यांना एकच नाव द्यावे की निरनिराळे?" असे विचारावे. उत्तर मुलांकडूनच यावे : एकच नाव, क्लोरीन. नंतर एकूण कणांची बेरीज करण्यास सांगावे. ३५, ३५, ३५ व ३७ मिळून १४२ होतात. चारांनी भागले की ३५.५. कोणत्याही पुडीत अर्धा दाणा नाही, तरी सरासरीत अर्धा आला, हे मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील.

दुसरी कृती : सर्व चिंचोके व दाणे एकत्र करून त्यांतून तीन पुड्या बांधाव्यात. पहिलीत १८ चिंचोके व २२ दाणे, दुसरीत १९ व २१, तिसरीत २० व २०. आता मुलांना मोजावयास सांगावे. एकूण कण तिन्हींत ४० भरतात. परंतु चिंचोके निराळे. पहिली पुडी आरगॉन, दुसरी पोटॅशिअम, तिसरी कॅल्शिअम. वस्तुमानांक सारखा, पण मूलद्रव्ये तीन.

तुलना व सामान्यीकरण : दोन्ही कृती फळ्यावर शेजारी शेजारी मांडून निष्कर्ष मुलांकडून काढून घ्यावा. पहिल्या कृतीत वजन बदलले तरी नाव बदलले नाही. दुसऱ्या कृतीत वजन तेच राहिले तरी नाव बदलले. तेव्हा मूलद्रव्याचे नाव वजनावर अवलंबून नसून प्रोटॉनांच्या संख्येवर अवलंबून असते.

आरगॉन पोटॅशिअमपेक्षा जड का, ह्याचे उत्तरही येथेच मिळते. निसर्गातील आरगॉनचे ९९ टक्क्यांहून अधिक अणू ४० वस्तुमानांकाचे आहेत, तर पोटॅशिअमचे ९३ टक्क्यांहून अधिक अणू ३९ वस्तुमानांकाचे. आरगॉनमध्ये प्रोटॉन एक कमी असला, तरी न्यूट्रॉन दोन अधिक आहेत. ज्या आकड्यांनी शास्त्रज्ञांना पेचात टाकले, ते आकडे आता आठवीतील मुलाला चिंचोक्यांनी समजावून देता येतात.

उपयोजन

पाठाची सांगड मुलांच्या परिचयातील गोष्टींशी घालावी. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत टाकावयाच्या टी.सी.एल. पावडरमध्ये क्लोरीन असतो आणि जेवणातील मिठातही असतो. त्यांत ३५ चे व ३७ चे असे दोन्ही अणू मिसळलेले असतात. आणि रासायनिक वर्तनात दोन्ही जवळजवळ सारखेच असतात, कारण त्यांचा अणुअंक एकच आहे.

दुसरे उदाहरण तारापूरचे. युरेनिअमचा अणुअंक ९२. परंतु निसर्गातील युरेनिअममध्ये २३८ वस्तुमानांकाचे अणू ९९ टक्क्यांहून अधिक असून, मंद न्यूट्रॉनांनी सहज भंग पावणारे २३५ वस्तुमानांकाचे अणू सुमारे ०.७ टक्काच असतात. तारापूर येथे १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्राचे पहिले दोन संच, २३५ चे प्रमाण वाढविलेल्या युरेनिअमवर चालावेत अशा रचनेचे आहेत. हे प्रमाण वाढविणे फार खर्चाचे व कष्टाचे काम आहे. कारण उघड आहे : अणुअंक एकच असल्यामुळे कोणत्याही साध्या रासायनिक क्रियेने हे दोन प्रकार निराळे होत नाहीत, वजनातील किंचित फरकाचाच आधार घ्यावा लागतो. वर्गातला हा लहानसा भेद प्रत्यक्ष जगात किती महत्त्वाचा ठरतो, हे ह्यावरून मुलांना पटेल.

नेहमी होणाऱ्या चुका

१. "इलेक्ट्रॉनांची संख्या म्हणजे अणुअंक" असे सांगणे. विद्युतभाररहित अणूत दोन्ही संख्या सारख्या असतात, हे खरे. परंतु मिठातील सोडिअमने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, तरी तो सोडिअमच राहतो. ओळख प्रोटॉनवर ठरते.

२. "अणुवस्तुमान जवळच्या पूर्णांकात घ्यावे, त्यातून अणुअंक वजा करावा, म्हणजे न्यूट्रॉन मिळतात" हा नियम सरसकट सांगणे. ब्रोमीन पाहावे. अणुअंक ३५, अणुवस्तुमान ७९.९०. नियमाप्रमाणे ८० मधून ३५ वजा करून ४५ न्यूट्रॉन येतात. परंतु निसर्गातील ब्रोमीनमध्ये ७९ व ८१ वस्तुमानांकाचेच अणू जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात. त्यांत न्यूट्रॉन ४४ किंवा ४६ आहेत. ४५ न्यूट्रॉनांचा अणू त्यात नाहीच. वजाबाकी करावयाची ती वस्तुमानांकातून, सरासरीतून नव्हे.

३. "अणुअंक वाढला की अणुवस्तुमान वाढलेच पाहिजे" असे समजणे. बहुधा तसे होते. पण वर सांगितलेल्या तीन जोड्या त्याला अपवाद आहेत.

४. ३५.५ हा अगदी नेमका आकडा मानणे. ३५ चे अणू सुमारे ७५.८ टक्के व ३७ चे सुमारे २४.२ टक्के असतात, म्हणजे प्रमाण बरोबर तीनास एक नाही. शिवाय प्रत्येक अणूचे प्रत्यक्ष वस्तुमान त्याच्या वस्तुमानांकाहून किंचित निराळे असते, कारण केंद्रकातील कण एकत्र बांधले जाताना वस्तुमानाचा अल्पांश ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून प्रत्यक्ष मूल्य ३५.४५ येते. हे शिक्षकाच्या माहितीसाठी, वर्गात ३५.५ पुरेसे आहे.

फलकलेखन

अणुअंक : प्रोटॉनांची मोजणी. नेहमी पूर्णांक. मूलद्रव्याची ओळख.
अणुवस्तुमानांक : प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची मोजणी. नेहमी पूर्णांक. एका अणूपुरता.
अणुवस्तुमान : निसर्गातील अणूंच्या वस्तुमानांची सरासरी. बहुधा अपूर्णांक. मूलद्रव्याच्या नमुन्यापुरते.

स्वाध्याय

१. दहा पुड्यांपैकी आठ पुड्यांत ५ चिंचोके व ६ दाणे आणि दोन पुड्यांत ५ चिंचोके व ५ दाणे आहेत. अणुअंक किती? सरासरी वस्तुमान किती? (उत्तर : ५, १०.८. हे मूलद्रव्य बोरॉन होय.)
२. एका अणूत ६ प्रोटॉन व ८ न्यूट्रॉन, दुसऱ्यात ७ प्रोटॉन व ७ न्यूट्रॉन आहेत. दोन्ही एकाच मूलद्रव्याचे आहेत काय? कारण सांगा.
३. कोबाल्ट निकेलपेक्षा जड असूनही सारणीत आधी का येतो?

समारोप

व्याख्या पाठ झाल्या म्हणजे पाठ यशस्वी झाला असे मानू नये. पाठ संपल्यावर शिक्षकाने स्वतःच तो प्रश्न वर्गाला विचारावा : "अर्धा न्यूट्रॉन कुठून आला?" ज्या मुलाला "अर्धा न्यूट्रॉन नसतोच, अर्धा सरासरीतला आहे" असे आपल्या शब्दांत सांगता येईल, त्याला विषय समजला. आणि एखाद्या मुलाने ह्याहून पुढचा, शिक्षकाला उत्तर न सुचणारा प्रश्न विचारला, तर "उद्या पाहून सांगतो" असे म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही. दुसऱ्या दिवशी ते उत्तर न विसरता द्यावे, म्हणजे झाले. एकदा खाली बसलेले मूल पुन्हा उभे करणे फार कठीण असते; उभे असलेले मूल उभे ठेवणे मात्र शिक्षकाच्या हाती आहे.